झिजलेल्या चावीची नक्कल

उसाचा हंगाम सुरू झाला की शिरूर–न्हावरे–चौफुला हा रस्ता ट्रॅक्टरांचा होतो. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर रचलेला ऊस आणि मागे अडकलेल्या गाड्यांची रांग. गेल्या हंगामात शिरूरहून दौंडला जाताना न्हावऱ्याच्या अलीकडे अशाच एका रांगेत मी गाडी बंद केली. रांग हलली तेव्हा चावी फिरवायला गेलो, तर ती फिरेना. वर्षभर ही चावी हलवून, किंचित मागे ओढूनच लावावी लागत होती आणि त्याची मला सवय झाली होती. त्या दिवशी जरा जोर लावला आणि चावीचे डोके हातात आले. पाते कुलपातच राहिले.

मागच्या ट्रॅक्टरचा चालक उतरून आला. वाकून पाहिले आणि हसत म्हणाला, "पाव्हणं, माझी लावून बघायची का?" थट्टा खरी होती, पण ती ट्रॅक्टरवाल्यालाच सुचावी अशी. पुष्कळ ट्रॅक्टरांना कंपनी एकाच धाटणीची चावी देते. एकाची चावी त्याच कंपनीच्या दुसऱ्या ट्रॅक्टरला चालते. जेसीबीचेही बहुधा तसेच. शेतावर, कामावर आज हा चालक तर उद्या तो. त्यामुळे एकच चावी सर्वांना चालणे ही मोठी सोय, अर्थात चोरालाही तेवढीच. मोटारीचे गणित याच्या उलट असते. तिची चावी फक्त तिचीच असावी, हीच तिची किंमत.

चौघांनी मिळून गाडी कडेला घेतली. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ बसणारा एक चावीवाला पेटी घेऊन मोटारसायकलवर आला. अडकलेले पाते त्याने आकडा लावलेल्या बारीक पट्टीने दोन मिनिटांत ओढून काढले. दोन्ही तुकडे तळहातावर जुळवून उन्हात धरले आणि म्हणाला, "ही कंपनीची नव्हे. नकलेची नक्कल आहे. हिच्यावरून अजून एक मारून दिली, तर महिन्याभरात मला परत बोलवाल." गाडी मी जुनी घेतली होती, आणि घेताना एकच चावी मिळाली होती. मग त्याने डावीकडच्या दाराचे कुलूप उघडायला घेतले. का म्हणून विचारले, तर म्हणाला, "हे कुलूप कुणी वापरत नाही. खरं काय ते यालाच माहीत."

त्या एका वाक्यातले तंत्र समजून घेताना बरेच काही समोर आले. चावी झिजते म्हणजे काय होते, तिची नक्कल आणि तिचे मूळ यांत फरक काय, आणि ते मूळ आज नेमके कुणाच्या ताब्यात आहे, हे प्रश्न वरवर दिसतात तेवढे किरकोळ नाहीत.

किल्ली, चावी आणि शिकलगार

आपल्याकडे या वस्तूला दोन शब्द आहेत. किल्ली जुना, घरातला. चावी हा पोर्तुगीज 'चावे'वरून आलेला. ती ज्यात जाते ते कुलूप अरबी 'कुफ्ल'मधल्या अक्षरांची अदलाबदल होऊन मराठी झाले. आता कारागीर कोऱ्या चावीला 'ब्लँक' म्हणतो, म्हणजे चौथी भाषाही त्याच पेटीत आली. सासूबाईंच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा म्हणजे घरावरची सत्ता, हे आपल्या जुन्या कादंबऱ्यांच्या वाचकांना सांगायला नको. सगळी कुलपे उघडणारी ती गुरुकिल्ली. आज हा शब्द यशाच्या पुस्तकांपुरता उरला असला, तरी मुळात तो कुलपाच्याच व्यवहारातला आहे.

चावीच्या कामाशी महाराष्ट्रात ज्यांचे नाव जोडले जाते, त्यांत शिकलगार प्रमुख. 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे, आणि ते करणारा तो सैकलगर, शिकलगार. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घासणे, त्यांना धार लावणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. त्यांच्यात मुसलमान आहेत आणि शीखही आहेत. शीख शिकलगार आपले नाते गुरू गोविंदसिंगांच्या शस्त्रागाराशी सांगतात. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत शिकलगारांचा समावेश आहे. जुनी माणसे ज्याला अजून घोडनदी म्हणतात ते शिरूर इंग्रजांच्या लष्करी छावणीचे गाव होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. पुढे पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणे इथे होते. घोडदळ म्हटले की तलवारी आल्या, आणि तलवारींमागे धार लावणारे हातही आले.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा झाला. ज्या कामावर पिढ्या पोसल्या ते काम आटत गेले. हात मात्र राहिले. कात्र्या, सुऱ्या, लोखंडी भांडी आणि कुलपे-किल्ल्या यांच्याकडे ते वळले. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, अलीगढची कुलपे देशभर पोहोचली, आणि गावोगावी किल्ल्या हरवू लागल्या. पोलादाच्या पात्यावर कानस कुठे आणि किती फिरवायची, हे ज्ञान तलवारीवरून चावीवर आले. आज चावीवाल्याच्या पेटीपाशी बसणारा प्रत्येक जण शिकलगार असतोच असे नाही. पण तो जे करतो त्याची वंशावळ अशी आहे.

कुलपाच्या पोटात

मोटारीच्या कुलपाच्या नळीत पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात, बहुतेक गाड्यांत आठ ते दहा. प्रत्येक पट्टीला मधे चौकोनी खिडकी असते आणि खाली बारीक स्प्रिंग. चावी या खिडक्यांतून आत सरकते. चावीच्या पात्यावर जिथे जेवढी खाच, तेवढी त्या जागेची पट्टी वर उचलली जाते. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी नेमक्या नळीच्या कडेला येऊन थांबल्या की नळी फिरते. एक जरी पट्टी केसभर वर किंवा खाली राहिली, तरी ती बाहेरच्या खोबणीत अडकून नळीला धरून ठेवते.

पट्टीच्या उंचीचे प्रकार मोजके असतात, साधारण चार-पाच. आठ पट्ट्या आणि प्रत्येकीच्या चार उंच्या धरल्या, तर कागदावर ६५,५३६ वेगवेगळ्या चाव्या होतात. एका उंचीत आणि दुसऱ्या उंचीत अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. म्हणजे गाडीच्या चावीवरची ती नागमोडी कड दिसायला रेषा असली, तरी खरे तर तो आकड्यांचा एक क्रम आहे: तीन, एक, चार, दोन असा. कारखान्यात चावी कापतात ती या क्रमावरून.

आता झीज पाहा. चावी दिवसातून अनेकदा आत-बाहेर होते. खाचांमधले उंचवटे बोथट होतात, उतार सपाट होतात. खिशातली, रस्त्यावरची आणि मुरमाची धूळ चावीबरोबर आत जाते आणि पट्ट्यांवर पॉलिश-कागदासारखी फिरते. कुलपात तेल सोडले की काम हलके होते, पण तेच तेल ही धूळ धरून ठेवते. म्हणून जाणते कारागीर तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड वापरायला सांगतात. पाव मिलिमीटर झीज झाली की पट्टी दोन उंचींच्या मधे लटकते. मग आपण चावी हलवतो, थोडी मागे ओढतो, आणि चुकून एखादा उंचवटा नेमका पट्टीखाली येतो. 'आमच्या गाडीला अशीच लावावी लागते' असे आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा चावीने मोडायची पूर्वसूचना दिलेली असते.

अशी झिजलेली चावी घेऊन आपण दुकानात जातो आणि 'डुप्लिकेट द्या' म्हणतो. नकलेच्या यंत्रात एका बाजूला जुनी चावी आणि दुसऱ्या बाजूला कोरी चावी आवळतात. एक टोक जुनीच्या कडेवरून फिरते आणि त्याच्याशी जोडलेले चाक कोरीला कापत जाते. यंत्र अत्यंत प्रामाणिक असते. त्याला मूळ आकडा माहीत नसतो, फक्त समोरची कड दिसते. झिजलेला उंचवटा ते झिजलेलाच उतरवते आणि वर स्वतःची केसभर चूक घालते. नवी कोरी, चकाकणारी चावी जन्मतःच म्हातारी असते. तिच्यावरून पुढची काढली की झिजेवर झीज चढते.

पोथ्यांशी संबंध असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम याच अडचणीशी झगडत होते. नकलणारा प्रामाणिक असला तरी मागच्याची चूक पुढे नेतो आणि स्वतःची एक घालतो. म्हणून वि. सी. सुखठणकर आणि त्यांचे सहकारी जास्त प्रती काय म्हणतात एवढेच पाहत नसत. कोणती प्रत कोणत्या परंपरेतून उतरली, कोणती कमी हातांतून गेली, हे आधी तपासत. माझ्या चावीवाल्याने डावीकडच्या दाराकडे जाणे हे त्याच जातीचे तर्कशास्त्र होते. इग्निशनचे कुलूप सर्वांत जास्त वापरलेले, म्हणून साक्षीला सर्वांत कच्चे. चालकाच्या दाराचे त्याखालोखाल. डावीकडचे दार किंवा डिकी यांचे कुलूप वर्षानुवर्षे किल्लीशिवाय पडून असते. त्याच्या पट्ट्या कारखान्यातून निघाल्या तशाच असतात. त्या एकेक काढून, उंची ओळखून त्याने कागदाच्या कपट्यावर आठ आकडे लिहिले. नवी चावी त्या आकड्यांवरून कापली. तुटलेल्या चावीकडे त्याने पुन्हा पाहिलेही नाही.

कुलूप उघडता येत नसेल आणि चावी मुळीच नसेल, तर याहून जुनी पद्धत आहे. कोऱ्या चावीवर काजळी धरायची, ती कुलपात घालून हलक्या हाताने दोन्हीकडे दाब द्यायचा आणि बाहेर काढायची. जिथे पट्टी अडली तिथे काजळीत बारीक डाग उठतो. कानस फक्त त्या डागावर, एक-दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. डाग उठायचा थांबला की तिथली उंची मिळाली. इथे नक्कल कशाचीच नाही. कुलूप स्वतःच आपली चावी सांगते आणि कारागीर ऐकतो.

मोडते का?

चावी मोडते ती बहुधा सर्वांत खोल खाचेपाशी किंवा डोक्याला भिडते त्या जागी. धातू तिथे सर्वांत कमी असतो आणि पिळाचा सगळा ताण तिथेच येतो. मोडण्यामागे बहुतेकदा दोन कारणे असतात. पहिले, झीज. दुसरे, स्टिअरिंगचे कुलूप. गाडी उतारावर किंवा चाक वळवून उभी केली की स्टिअरिंगचा खिळा ताणात अडकतो आणि चावी फिरत नाही. तेव्हा जोर चावीवर लावायचा नसतो. एका हाताने स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवायची.

मोडलेली चावी डाक लावून किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नये. गोंद कुलपाच्या आत ओघळला, तर चावीऐवजी कुलूप बदलावे लागते. दोन्ही तुकडे मात्र जपून ठेवावेत. ते जुळवून नवी चावी कापता येते, आणि डोक्यात आणखी काही असते. त्याविषयी पुढे.

चावीला जडशीळ जुडगा लावण्याची आपली हौसही महागात पडते. घराच्या, कपाटाच्या, पंपघराच्या किल्ल्या, देवाची पितळी मूर्ती, सगळे इग्निशनमध्ये लोंबकळत हेलकावे खाते आणि कुलूप खालून झिजवते. याचे भयंकर टोक अमेरिकेत दिसले. जनरल मोटर्सने २०१४ साली सुमारे २६ लाख लहान गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या इग्निशन स्विचमधला अडसर इतका सैल होता, की जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी धावत्या गाडीत मागे फिरे. इंजिन बंद पडे आणि अपघातात हवेच्या पिशव्याही उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने या दोषामुळे झालेले १२४ मृत्यू मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने गाडीमालकांना केलेली सूचना साधी होती: कडीत फक्त गाडीची चावी ठेवा.

डोक्यातला तांदूळ

नवी चावी दारांना लागली, इग्निशनमध्ये गुळगुळीत फिरली. पण इंजिन एक क्षण चालू होऊन बंद पडले. चावीवाला थांबला, माझ्या खिशातले तुटके डोके मागून घेतले, ते फोडले आणि आतून तांदळाएवढी काचेची कांडी काढली. ती नव्या डोक्यात बसवली आणि गाडी सुरू झाली.

ही कांडी म्हणजे चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवती तारेचे एक कडे असते. चावी फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, आणि त्याच लहरींतून चिपला वीज मिळते. साध्या चिपा आपला ठरलेला क्रमांक सांगतात. पुढच्या पिढीच्या चिपांत प्रश्नोत्तर होते. गाडी दर वेळी एक नवा, अनियमित आकडा पाठवते. चिप आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याने त्याचे गणित करून उत्तर देते. गाडीनेही तेच गणित केलेले असते. दोन्ही जुळले तरच इंजिनाला इंधन मिळते. बटण दाबून दार उघडणारा रिमोट ही निराळी वस्तू. त्याला बटणासारखा सेल लागतो आणि तो बव्हंशी ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो. सेल संपला तर दार हाताने उघडावे लागते, पण चिप शाबूत असेल तर गाडी सुरू होते.

यातून एक व्यावहारिक सावधगिरी निघते. रिमोटची रबरी बटणे फाटली की बाजारात नवे कवच मिळते. कवच बदलताना आतली चिप काढून घ्यायला लोक विसरतात आणि जुने कवच कचऱ्यात जाते. त्याबरोबर गाडीही बंद.

या चिपेने काम केले हे मान्य करायला हवे. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तिच्यामुळे गाड्यांच्या चोऱ्या सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण तिने चावीचे मूळ कुलपातून उचलून दुसरीकडे नेले. पट्ट्यांची उंची काजळीने वाचता येत होती. चिपेच्या पोटातला आकडा कानशीला दिसत नाही. जुनी चिप हाताशी असेल तर ती हलवता येते, काही प्रकारांत तिची प्रतही निघते. पण चिप हरवली, तर नवी चिप गाडीच्या संगणकाला ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी उपकरण लागते आणि बहुधा कंपनीकडचा गुप्त क्रमांकही. म्हणून शिरूर-दौंडचा मालक गाडी टेम्पोवर घालून पुण्याला नेतो. आठ आकडे हाताने वाचणारा माणूस दारात असूनही.

मूळ कुणाकडे?

गुपित लपवल्याने कुलूप मजबूत होते का, हा वाद जुना आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने ब्रामाचे कुलूप, जे उघडणाऱ्याला दोनशे गिनींचे बक्षीस कित्येक दशके जाहीर होते, सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून उघडून दाखवले. यामुळे चोरांना शिकवणी मिळेल अशी ओरड झाली. हॉब्जचे म्हणणे असे, की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात. अंधारात राहतो तो गिऱ्हाईक. २०१३ साली तोच वाद न्यायालयात गेला. बर्मिंगहॅम आणि नायमेखन इथल्या संशोधकांना मोटारींच्या मेगामोस नावाच्या चिपेतली कच्ची जागा सापडली होती. फोक्सवॅगनच्या अर्जावरून इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने निबंधाच्या प्रसिद्धीला मनाई केली. तो निबंध प्रकाशात आला २०१५ साली.

आपल्याकडे हा प्रश्न गुपितापेक्षा पोटाचा आणि हक्काचा म्हणून आला. २०११ साली शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. मूळ तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती: होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट. यांपैकी फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला, तर फियाटचा शिरूर तालुक्यातच, रांजणगावला, महागणपतीच्या शेजारी. २५ ऑगस्ट २०१४ च्या निर्णयाने आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला, आणि सुटे भाग व उपकरणे बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना उपलब्ध करण्यास सांगितले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारी आल्या, तशी शेतीची अवजारेही आली. म्हणजे ज्या रस्त्यावर माझी चावी मोडली, त्या रस्त्यावरची दोन्ही वाहने.

कंपनीची बाजू खोटी नाही. गाडीचे मूळ कुणालाही वाचता आले, तर चोरालाही येईल. पण चावीवाला या प्रश्नाशी रोजच सामना करतो. काजळी आणि कानस घेऊन तो कुणालाही कुणाच्याही गाडीची चावी करून देऊ शकतो. तो देत नाही. आमच्या गाडीला हात लावण्यापूर्वी त्याने आरसी बुक मागितले, माझे ओळखपत्र पाहिले, आणि दोन्हींवरची नावे जुळल्यावरच पेटी उघडली. शहराची सुरक्षितता कुलपांवर जेवढी, तेवढीच अशा नकारांवर टिकून आहे. नियम करायचेच तर या माणसाला नोंदवून, शिकवून, उपकरणाशी जोडून घेणारे करता येतील. त्याला वगळणे हा एकच मार्ग नाही.

तोवर मालकाने करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. चावी अडू लागताच, मोडण्याआधी, दुसरी करून घ्यावी, आणि ती झिजलेल्या चावीवरून नव्हे, तर कमी वापरलेल्या चावीवरून किंवा आकड्यांवरून. दोन चिपा चालू असताना तिसरी करणे सोपे असते. एकही उरली नाही, तर खर्च आणि खेपा दोन्ही वाढतात. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागाव्यात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि एक नसेल तर प्रश्न विचारते. विम्यात चावी बदलण्याचे जादा कवचही घेता येते.

येत्या पाडव्याला अनेक घरांत नवी गाडी येईल. शोरूममध्ये पुठ्ठ्याची मोठी चावी हातात धरून कुटुंबाचा फोटो निघेल. खऱ्या चाव्यांच्या कडीत बऱ्याचदा एक लहानशी पट्टी असते, तिच्यावर क्रमांक कोरलेला असतो. पुष्कळ जण ती काढून टाकतात. तो क्रमांक म्हणजे चावीचे मूळ. त्याची नोंद घरात ठेवली तर कुणाच्याही झिजलेल्या प्रतीवर अवलंबून राहावे लागत नाही.

माझ्या चावीवाल्याने पैसे घेतले आणि आठ आकड्यांचा तो कपटा माझ्या हातात दिला. "आरसी बुकात ठेवा," म्हणाला. मग तुटक्या चावीचे पाते उचलून दगडावर ठेवले, हातोडीचा एक घाव घालून ते वाकडे केले आणि परत दिले. मी पाहतच राहिलो. "नाहीतर उद्या घरातलं कुणीतरी याच्यावरूनच अजून एक करून आणेल," तो म्हणाला, आणि पेटी मागे बांधून शिरूरकडे निघाला.